कार्डाचं पहिलं फळ

जानेवारी अर्धा सरला होता, तरी सांडोरच्या वाड्यांतून थंडी हटायचं नाव घेत नव्हती. केळीच्या पानांवरून दंव टपटप गळत होतं, आणि चार हातांपलीकडचा माणूस धुक्यात नुसता खोकल्यावरून ओळखावा लागत होता. मार्गारेट तुस्कानो डोक्याला नवऱ्याचा जुना मफलर गुंडाळून लाल माठाच्या ढिगापुढे बसली होती. मूठभर माठ उचलायचा, मुळं एका रेषेत आणायची, केळीच्या ओल्या सोपटाचे दोन वेढे द्यायचे आणि दाताने टोक ओढून गाठ आवळायची, की झाली जुडी. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच काम. तिचे डोळे दुसरीकडे असले तरी बोटं चुकत नसत.

पलीकडे फर्डिनंडने मोटर चालू केली. विहिरीचं पाणी पाटाला आलं. गेल्या वर्षी कंपनीने त्याला व्हीआरएस देऊन घरी पाठवलं होतं, आणि तेव्हापासून तो वाडीत काम थोडं आणि सुधारणा जास्त करायचा. कधी पाटाची दिशा बदल, कधी कोंबड्यांचं खुराडं हलव. आज त्याच्या डोक्यात निराळंच शिरलेलं होतं.

"अगो, ते कार्ड या महिन्यात बंद करायचं हां," पाटाचं तोंड फावड्याने फोडत तो म्हणाला. "अठ्ठावीस तारखेला परत वर्षाची फी लागंल."

"कुठलं कार्ड?"

"कुठलं म्हंजे? रेशनचं बंद करीन काय? ते तुझं लाडकं, बँकेचं."

जुडीची गाठ अर्धवट राहिली. माठाचे चार देठ तिच्या मांडीवर सांडले.

"आनि पॉइंट?"

"पॉइंट घालून काय भाजी करायची हाय? आता पगार नाय, बोनस नाय. बँकेला कशाला पोसायचं?"

"थोडे दिवस थांबा ना. फेब्रुवारी लागू दे."

"फेब्रुवारी लागला की फी पन लागली. मग बंद करून उपयोग काय?" फर्डिनंड हसला. "माझ्यापेक्षा त्या कार्डावर जीव हाय तुझा."

मार्गारेट हसली नाही. मफलर आणखी घट्ट ओढून घेतला आणि पुढची मूठ उचलली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाईला थंडी वाजतेय. पण ती थंडी नव्हती, भीती होती.

तिला कसली भीती होती, ते सांगायचं तर तिच्या सासूपासून सुरुवात करावी लागेल. उर्सुलाबाय जाऊन बारा वर्षं झाली, पण त्या घरात अजून तिचाच कायदा चालत होता. कायदा साधा: नवं काही पिकलं, की त्याचं पहिलं फळ देवाचं. नव्या केळीचा पहिला लोंगर म्हणजे घड, नव्या कोंबडीची पहिली अंडी, पहिल्या वेलाचा पहिला दुधी, सगळं सणाच्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की देवळाच्या आवारात लिलावाला जायचं. तिथे एखादी कोंबडी बकऱ्याच्या भावाने जायची, कारण घेणारा कोंबडी घेत नसे, आशीर्वाद घेत असे. फर्डिनंडच्या पहिल्या पगारातसुद्धा उर्सुलाबायने आधी देवळाचा वाटा काढला होता, मग त्याला शर्टाचं कापड घेऊ दिलं होतं. आणि कायदा मोडला तर काय होतं, तेही ती सुनेला भाकरी थापता थापता सांगायची. "माझ्या दिराने पयला लोंगर बाजारात इकला. त्याच पावसात त्याची विहीर ढासळली. नंतर किती खोदली, पानी खारंच." मार्गारेटने ती विहीर पाहिली होती. पाणी खारं होतं हे खरं.

कार्ड आलं ते दोन हजार दोन साली. फर्डिनंडच्या ऑफिसखाली टाय लावलेला एक पोरगा टेबल मांडून बसला होता. "अंकल, पहिलं वर्ष फुकट, आंटीचं कार्डही फुकट." फर्डिनंडने सही ठोकली आणि घरी येऊन बायकोला समजावलं, की शंभर रुपयांची खरेदी केली की एक पॉइंट मिळतो, पॉइंट साठले की वस्तू येते.

"म्हंजे आधी खत घालायचं, मग फळ धरायचं," मार्गारेट म्हणाली.

"बरोबर. पन यात पानी घालावं लागत नाय."

त्या वर्षाच्या शेवटी जोआनाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं. साड्या, नवरदेवाचा सूट, थोडं सोनं, जिथे जिथे मशीन होतं तिथे तिथे मार्गारेटने कार्ड पुढे केलं. पॉइंट भराभर चढले. चाळिसात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, कुरिअरवाला खोका घेऊन आला. आत स्टीलचा डबा, चार पुडांचा, झाकणांना निळी कड. जोआना आणि जावई फेबियन नुकतेच एव्हरशाईन सिटीतल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. मार्गारेटने डबा तसाच खोक्यासकट लेकीला नेऊन दिला. बँकेने फुकट दिलं म्हणून त्या दिवशी तिला कोण आनंद!

ऑगस्टमध्ये जोआनाचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं.

मार्गारेट पेज घेऊन दवाखान्यात गेली होती. आत लेकीला भूल दिलेली. बाहेर बाकावर ती मांडीवर डबा घेऊन बसली, आणि वेळ जाईना म्हणून तिची नजर त्या निळ्या कडेवर फिरत राहिली. फिरता फिरता थांबली. कार्ड नवं होतं. त्यावर पहिल्यांदा जे धरलं, ते हे. हे पहिलं फळ होतं, आणि ते देवळात न नेता तिने घरात ठेवलं होतं. झाडावरून आलं असतं तर लगेच ध्यानात आलं असतं. खोक्यातून आलं, म्हणून चुकलं.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, लेकीला सांगायची तर तोंडच नव्हतं. आणि बोलून दाखवलं की गोष्ट खरी होते असं तिला वाटायचं. तिने एकटीने देवळात आल्तारासमोर गुडघे टेकून नवस बोलला, की पुढच्या वेळी घड्याळ आणीन, लिलावाला देईन, पण पोरीची कूस राख. पॉइंटच्या पुस्तकात डब्याच्या खालोखाल भिंतीवरचं घड्याळ होतं. पाचशे पॉइंटांचं.

पण लग्न रोज होत नाही. भाजीवालीच्या घरात कार्ड घासायला असतं काय? मीठ, मासळी, रॉकेल, यांना कोण कार्ड दाखवणार? पॉइंट मुंगीच्या पावलांनी चढले. दीड वर्ष गेलं. आता जोआनाला पुन्हा दिवस राहिले होते, सातवा महिना लागला होता, आणि फर्डिनंड म्हणत होता, कार्ड बंद.

त्या दिवशी माठाच्या जुड्या बाजारात घालून येताच मार्गारेट शेजारी फ्लॉसीकडे गेली. फ्लॉसी म्हणजे तोंडाने तिखट आणि पदरात बचत गटाचे पैसे. तिला कधीपासून फ्रिज घ्यायचा होता.

"गो फ्लॉसी, फ्रिज उद्याच घेऊ या. माझ्या कार्डावर. तू मला रोख दे."

"उद्याच? या थंडीत?" फ्लॉसी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता थांबली. "माझं पानी घराच्या बाहेर ठेवलं तरी बर्फ होतंय, नि तू मला फ्रिज घ्यायला लावतेस?"

"पुढे भाव वाढतील."

"भाव नाय गो, तुझे त्या घड्याळाचे पॉइंट वाढतील. सगळी आळी बोलते, मार्गारेटबाय आता दुसऱ्याच्या मयताची पेटी पन कार्डावर घेईल."

"तोंडाला काय हाड?" मार्गारेट एकदम भडकली. घरात दिवस गेलेली लेक असताना पेटीचं नाव! तिने पटकन छातीवर क्रूस केला. तिचा चेहरा बघून फ्लॉसी वरमली.

"मस्करी केली गो. चल, उद्या जाऊ."

पारनाक्याच्या दुकानात फ्लॉसीने सगळे फ्रिज उघडझाप करून पाहिले, आत डोकं घालून वास घेतला, आणि शेवटी नऊ हजारांचा लाल पसंत केला. मार्गारेटने ब्लाउजमधली पर्स काढून कार्ड पुढे केलं. दुकानदाराने ते दोन्ही बाजूंनी निरखलं.

"कार्डावर दोन टक्के वर लागतील, आंटी."

"कोन देनार दोन टक्के?" फ्लॉसी तिथल्या तिथे तडकली. "माझ्याकडे रोख हाय. हा फ्रिज गार करतो का गिऱ्हाईक?"

"मी देते," मार्गारेट म्हणाली.

"तू? माझ्या फ्रिजचे?"

"देते म्हटलं ना."

माठाच्या आणि मुळ्याच्या विक्रीचे एकशे ऐंशी रुपये तिने काउंटरवर ठेवले. दुकानदाराने कार्ड मशीनमधून ओढलं. मशीन गप्प. पुन्हा ओढलं. पुन्हा गप्प. लाइन मिळत नव्हती. फर्डिनंडने आधीच बंद केलं असेल काय? ती ओठांतल्या ओठांत 'नमो मारिये' म्हणू लागली. तिसऱ्या खेपेला मशीन करकरलं आणि कागद बाहेर आला. तिने सही केली, ती इतकी वाकडीतिकडी की दुकानदाराने कार्डाच्या मागची सही आणि ही सही तीनदा ताडून पाहिली.

"मार्गारेटबाय," रिक्षात बसल्यावर फ्लॉसी हळू आवाजात म्हणाली, "तुला बरं नाय काय? खरं सांग."

"बरी हाय."

"घड्याळच पायजेल तर माझ्या भिंतीवरचं घेऊन जा. मेलं दहा मिनिटं पुढे पळतं, पन चालतंय."

मार्गारेटने तिचा हात दाबला.

संध्याकाळी तिने शेजारच्या फोनवरून, म्हणजे फर्डिनंडच्या कानाआड, बँकेच्या नंबरवर फोन लावून घेतला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. पॉइंट पाचशेच्या वर गेले होते का? गेले असते मॅडम, पण फ्रिजचे पॉइंट पुढच्या बिलात जमा होतील. बिल कधी? अठ्ठावीस तारखेला. फी कधी? त्याच बिलात. आणि त्याआधी कार्ड बंद केलं तर? तर सगळे पॉइंट रद्द होतील मॅडम, आणखी काही मदत करू शकते का?

म्हणजे फळ आणि फी एकाच फांदीला. एक तोडायचं तर दुसरंही पदरात घ्यायचं. कार्ड बंद करायचं नवऱ्याचं बँकेला पत्र लिहून तयार होतं. सोमवारी वसईला जाऊन तो ते पोस्टात टाकणार होता.

आणि सोमवार उजाडण्याआधी, रविवारी मिस्साहून परतल्या परतल्या घरातला फोन वाजला.

फेबियन होता. "मम्मी, घाबरू नका," तो म्हणाला. घाबरू नका हे शब्द सुखासाठी कोणी वापरत नाही. "जोआनाचं बीपी वाढलंय. पायांना सूज आहे. डॉक्टरने पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. उद्या परत तपासणार. उतरलं नाही तर अ‍ॅडमिट करावं लागेल. तुम्ही येऊ शकाल का?"

फर्डिनंडने वाडीतला सगळ्यात चांगला नारळ, दोन शहाळी आणि पिकलेली केळी पिशवीत भरून दिली. रिक्षा बोलावून आणली. तिला बसवताना त्याचा नेहमीचा मस्करीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी उद्या पोस्टातून थेट तिकडेच येतो," तो म्हणाला.

पोस्ट. मार्गारेटने रोजरीचे मणी मुठीत आवळले. रिक्षा पूर्वेकडे निघाली. अंबाडी रोड, पूल, मग उंच उंच इमारती सुरू झाल्या. एकेका खिडकीमागे एकेक संसार, आणि तिला वाटत होतं, या सगळ्या खिडक्यांत देवाला नेमकी एकच खिडकी दिसतेय.

जोआना डाव्या कुशीवर झोपली होती. चेहरा सुजलेला, बोटांत अंगठी रुतलेली. मार्गारेटने कपाळावर हात ठेवला. मग साबण लावून लावून अंगठी काढली, पायाखाली दोन उशा दिल्या, कमी मिठाची पेज चढवली. पेज वाढायला भांडं शोधताना तिने कपाट उघडलं, आणि समोर तो डबा. निळ्या कडेचा. घासून लख्ख केलेला.

ती तिथेच खाली बसली.

फेबियन पाणी प्यायला आला तेव्हा सासू स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, मांडीवर रिकामा डबा. तो एका कंपनीत हिशेब बघायचा. शांत माणूस, पण रडणाऱ्या बाईपुढे त्याला काही सुचायचं नाही.

"मम्मी, काय झालं? चक्कर आली का?"

"फेबियन, माझं एक काम कर. पप्पांना फोन लाव. सांग, ते पत्र पोस्टात टाकू नको. कार्ड चालू राहू दे."

"कार्ड?" फेबियनला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "आत्ता कार्डाचं काय मधेच?"

"मला घड्याळ पायजेल. अठ्ठावीसला पॉइंट पुरे होतात."

"अहो, घड्याळासाठी कोणी साडेसातशे फी भरतं का? पप्पा बरोबर सांगतायत. ते कार्ड तुम्हाला परवडतच नाही."

"पॉइंट मिळतात ना."

"मिळतात. पण रुपयांत किती ते कधी बघितलंत?" फेबियन तिच्यासमोर फरशीवर बसला. हिशेबाची गोष्ट निघाल्यावर त्याची जीभ सुटली. "पाचशे पॉइंटांचं घड्याळ. तसंच घड्याळ स्टेशनसमोर सव्वादोनशेला आहे. म्हणजे एक पॉइंट पन्नास पैशांचाही नाही. नुसती फी भरून निघायची, तर वर्षाला दीड लाखाच्या वर खरेदी पाहिजे. तेव्हा कुठे तुम्ही आणि बँक बरोबरीत. त्याच्यापुढे जे मिळेल, ते खरं फुकट."

"दीड लाख?"

"वर. तुमची होते तेवढी? मग काय, दरवर्षी तुम्हीच बँकेला देताय. त्यात ते दुकानदाराचे दोन टक्के. तुम्ही कधी दिलेत का ते?"

"फ्लॉसीच्या फ्रिजचे. एकशे ऐंशी."

फेबियनने कपाळाला हात लावला. "म्हणजे घड्याळाचे जवळजवळ सगळे पैसे तिथेच गेले."

मार्गारेटने मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला, पाळण्यातलं मूल दाखवावं तसा.

"आनि हा? हा तरी फुकट आला ना?"

"हा कधी घेतलात?"

"लग्नानंतर. चाळिसात."

"म्हणजे मार्चमध्ये. पहिलं फुकटचं वर्ष जानेवारीतच संपलं होतं. तेव्हाच फी कापली त्यांनी, बिलात होती, पप्पांनी भरली. हा डबा बाजारात दीडशेला येतो. तुम्ही साडेसातशे दिले. हा फुकट कसला मम्मी? हा तुम्ही विकत घेतलाय. पाचपट भावाने."

"इकत?"

"विकत. नक्की विकत."

"बघ हां. देवाशपथ सांग."

"देवाशपथ काय, बिल दाखवतो. पप्पांच्या हिशेबाची फाइल माझ्याकडेच असते."

स्वयंपाकघरात पेज उतू जाऊन शेगडीवर चरचरली. कोणी उठलं नाही. मार्गारेटच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. बाजारातून आणलेल्या बटाट्यांतला पहिला बटाटा कोणी देवळात नेत नाही. पहिलं फळ पिकाचं असतं. आणि हे पीक नव्हतंच. खताचे पैसे बँकेने घेतले, झाड बँकेचं, आणि फळही तिलाच विकलं. तिने देवाचं काही ठेवून घेतलं नव्हतं. दीड वर्ष ती ज्या चोरीला भीत होती, त्या चोरीत माल दुसऱ्याचा नव्हता. उलट तीच लुबाडली गेली होती.

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज आतल्या खोलीत गेलाच.

"मम्मी! काय चाललंय? इकडे या दोघं!"

बीपी वाढलेल्या बाईपुढे खोटं बोलून तिला ताटकळत ठेवण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं, असं फेबियनने डोळ्यांनीच सुचवलं. मार्गारेटने पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. दवाखान्याचा बाक, निळी कड, आजीचा कायदा, नवस. सांगताना ती लेकीच्या तोंडाकडे न बघता तिच्या सुजलेल्या पायावर तेल चोळत होती.

जोआनाने पाय आखडून घेतला.

"दीड वर्षं?" ती म्हणाली. "दीड वर्षं तुला वाटत होतं, तुझ्यामुळे माझं बाळ गेलं?"

"बोलू कशी तुला?"

"मला वाटायचं माझ्यामुळे गेलं. मी स्टेशनचा जिना धावत चढायचे म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, ते आधीपासूनच वाढत नव्हतं, कोणाचा दोष नाही. मला पटलं नव्हतं." तिने आईचा तेलकट हात पकडला. "आणि देव काय, मम्मी, डब्यासाठी बाळ नेईल? त्याला तू बँकेत नोकरीला लावलंस काय?"

"तसं नको बोलू गो."

"बोलणार. आजी असती तर तिलाही बोलले असते."

"आजीपुढे तू बोलली असतीस? तिच्यापुढे तुझा बाप पन बोलायचा नाय."

दोघीही हसल्या. जोआनाला हसताना श्वास लागला आणि मार्गारेट लगेच घाबरली. पाठ चोळली, पाणी दिलं.

"नवसाचं काय पण?" ती मग हळूच म्हणाली. "घड्याळ बोलले हाय मी. बोललेलं द्यायला पायजेल."

"द्या ना," फेबियन दारातून म्हणाला. "स्टेशनसमोर सव्वादोनशेला. फी नाही, दोन टक्के नाही. मी येताना घेऊन येतो."

"तुझ्या पैशाने नको. माझ्या भाजीच्या." एवढं बोलून ती फोनकडे गेली आणि सांडोरला नंबर फिरवला. फर्डिनंडने पहिल्याच रिंगला उचलला, जणू हात फोनवरच ठेवून बसला होता.

"कशी हाय?"

"झोपून हाय. हसली आता." "ऐका. ते पत्र टाका पोस्टात. कार्ड बंद करा."

"कालपर्यंत तर जीव टाकत होतीस त्याच्यावर. पॉइंट पडतील ना सगळे."

"पडू दे. आपले नव्हतेच ते."

"बरं," फर्डिनंड म्हणाला. "बीपी उतरंल ना गो उद्या?"

मार्गारेटने पलंगाकडे पाहिलं. लेक पोटावर हात ठेवून छताकडे बघत होती, आणि तिच्या बोटांची सूज अजून तशीच होती.

"ठाऊक नाय," ती म्हणाली. "लवकर या तुमी."

फोन ठेवून ती लेकीच्या उशाशी बसली. भीती गेली नव्हती. ती तिथेच होती, पंख्याखाली, पडद्यामागे, डॉक्टरच्या उद्याच्या मशीनमध्ये. पण आता ती सगळ्यांची होती. तिच्या एकटीच्या पापाची राहिली नव्हती. जोआनाने विचारलं, "तुला भीती वाटते?" आणि मार्गारेट खोटं न बोलता म्हणाली, "वाटते. तुला?" "मला पण." पोटात बाळाने कुशी बदलली, ती जोआनाच्या गाऊनवरून दोघींना दिसली.

तेवढ्यात खाली वॉचमनने आरोळी ठोकली, "पानी आया! पानी चालू!" जिन्यात दारं उघडल्याचे, बादल्या आपटल्याचे आवाज सुरू झाले. इथे नळाला पाणी अर्धा तास यायचं, त्यात दिवसाचं सगळं भरून घ्यायचं.

"फेबियन रविवारीही ऑफिसचा फोन घेतोय," जोआना उठू पाहत म्हणाली. "मी भरते."

"पडून राहा. हलायचं नाय."

मार्गारेटने साडीचा काष्टा वर खोचला, मोरीत गेली, आणि निळ्या पिंपात नळाची रबरी नळी सोडली. नळी आधी फुसफुसली, थोडी माती आली, मग पाणी लागलं. पहिलं गढूळ पाणी तिने बादलीत बाजूला काढलं, संडासात ओतायला. मग पिंपावर फडकं घट्ट बांधलं, नळी त्यावर धरली, आणि ते भरेपर्यंत कळशी घासायला घेतली.